मेपलच्या रसासाठी टाकी किती मोठी घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑन्टारिओ, क्वेबेक, व्हरमाँट, न्यूयॉर्क राज्य इथे घरामागे मेपलची झाडं असलेली मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. होळीच्या आसपास झाडं टोचायचे दिवस येतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा यायला लागतात. झाड कसं टोचायचं यावर माहिती भरपूर मिळते. घोळ होतो तो रस साठवण्याच्या हिशोबात, म्हणून इथे फक्त त्याच प्रश्नांची उत्तरं आहेत. एकच गोष्ट दोनदा लिहिण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळे आकडे लिटरमध्ये आहेत.

१. टाकी लागतेच कशाला? बादलीतला रस थेट कढईत ओतला तर?

पाच-दहा टॅप असतील तर खुशाल ओता. टॅप म्हणजे झाडाला पाडलेलं एक भोक आणि त्यात ठोकलेली तोटी. त्यापुढे गेलात की अडचण सुरू होते, कारण झाड तुमच्या सोयीने रस देत नाही. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा चार-पाच अंश वर, असं हवामान असलं की खोडात दाब तयार होतो आणि तोटी वाहू लागते. कडाक्याची थंडी लांबली तर आठवडाभर थेंब पडत नाही, आणि मग सलग तीन-चार दिवस बादल्या ओसंडतात. रस आटवून सिरप करायचं काम मात्र तासांच्या गतीने चालतं. झाडाचा वेग आणि भट्टीचा वेग यांत जो फरक पडतो, तेवढी टाकी तुम्हाला लागते. पुढची सगळी उत्तरं याच फरकाबद्दल आहेत.

२. एका टॅपमागे किती लिटर धरायचे?

बादल्या किंवा पिशव्या लावल्या असतील तर टॅपमागे निदान ४ लिटर. नळ्यांचं जाळं आणि व्हॅक्यूम पंप असेल तर निदान ८ लिटर. इकडच्या पुस्तकांत हेच आकडे टॅपमागे एक गॅलन आणि दोन गॅलन असे सापडतील. पुस्तक कुठलं आहे ते पाहून घ्या. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो आणि कॅनडातल्या जुन्या पुस्तकांतला इम्पीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा. शंभर टॅपला एवढ्याने पाऊणशे लिटरचा फरक पडतो.

हे आकडे एका चांगल्या दिवसाचे आहेत, हंगामाच्या सरासरीचे नाहीत. बादलीवर एक टॅप पूर्ण हंगामात साधारण ४० लिटर देतो. त्याला हंगामाच्या दिवसांनी भागून बरेच जण ‘रोज एक लिटर’ असा हिशोब करतात आणि पहिल्याच मोठ्या वाहत्या दिवशी अडकतात.

३. म्हणजे माझ्या ५० टॅपना २०० लिटरची टाकी पुरेल ना?

तुम्ही दिवसभर घरी असाल तर पुरेल. नोकरी करून हे करत असाल तर पुरणार नाही. दोन फूट बाय चार फुटांची सपाट कढई आहे आणि ती तासाला ३० लिटर पाणी उडवते असं धरा. संध्याकाळी घरी आल्यावर चार तास भट्टी चालते, म्हणजे रोज १२० लिटर आटतो. झाडं रोज २०० लिटर देत आहेत आणि मंगळवारी रस सुरू झाला आहे.

मंगळवारी संध्याकाळी टाकीत २०० लिटर, आटवून उरले ८०. बुधवारी २८०, उरले १६०. गुरुवारी ३६०, उरले २४०. शुक्रवारी तुम्ही घरी पोचाल तेव्हा टाकीत ४४० लिटर हवेत आणि टाकी आहे २०० ची.

सूत्र सोपं आहे. रोज येणारा रस गुणिले सलग दिवस, त्यातून वजा करा रोज आटणारा रस गुणिले एक कमी दिवस. सलग दिवस चार धरा, तेवढे मेपलच्या प्रदेशात सहज मिळतात. येईल त्या आकड्यावर पाचवा हिस्सा जास्त घ्या.

आता याच हिशोबात टाकी न वाढवता कढई बदलून बघा. दोन बाय सहा फुटांची कढई तासाला ४५ लिटर उडवते, म्हणजे चार तासांत १८०. त्याच शुक्रवारी टाकीत फक्त २६० लिटर असतील. कढईची लांबी दोन फुटांनी वाढली आणि टाकी जवळजवळ निम्म्यावर आली. हातातले पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर मी ते कढईवर घालायला सांगेन. मोठ्या टाकीत रस फक्त थांबून राहतो. मोठ्या कढईने तो ताजा असतानाच संपतो.

४. माझी कढई तासाला किती आटवते हे कसं कळणार?

अंदाजासाठी सपाट कढईच्या दर चौरस फुटामागे तासाला साडेतीन ते चार लिटर धरा. ओलं लाकूड असेल तर त्याहून कमी. खरा आकडा मोजूनच मिळतो. कढईत ठरावीक पातळीपर्यंत पाणी भरा, सणसणून उकळी आल्यावर तासभर तीच पातळी ठेवायला किती लिटर ओतावे लागले ते लिहून ठेवा. हे हंगामाआधी साध्या पाण्यावर करा. रस येऊ लागल्यावर मोजायला सवड मिळत नाही.

५. टाकीत रस किती दिवस टिकतो?

५ अंशांच्या खाली राहिला तर दोन-तीन दिवस, अगदी गोठणबिंदूजवळ राहिला तर आठवडाभरही. १० अंशांच्या वर गेला की त्याच दिवशी आटवा.

यावर एक प्रश्न हमखास येतो: गावाकडे उसाचा रस तासाभरात आंबायला लागतो, मग हा कसा टिकतो? मेपलच्या रसात वेगळी काही जादू नाही. उसाच्या रसात १८-२० टक्के साखर असते आणि गुऱ्हाळावर हवा तिशीच्या घरात असते. मेपलच्या रसात साखर दोन टक्के आणि बाहेर बर्फ. त्याला टिकवते ती थंडी. मार्चअखेर एखाद्या उबदार दुपारी, काळ्या नळ्यांतून येणारा रस उन्हाने तापलेला असतो. तो टाकीत पडला की सूक्ष्मजीव त्यातली सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात. उकळताना अशा रसाचा रंग लवकर गडद होतो आणि चव जड होते.

म्हणून टाकीची क्षमता नुसती लिटरमध्ये मोजून भागत नाही. फेब्रुवारीत ४०० लिटरची टाकी म्हणजे तीन दिवसांची मोकळीक. एप्रिलच्या सुरुवातीला त्याच टाकीत एका दिवसापेक्षा जुना रस ठेवता येत नाही. टाकी तीच राहते, पण हातातला वेळ कमी होत जातो. मोठ्या टाकीच्या भरवशावर हंगामाच्या शेवटी आटवणं पुढे ढकलणाऱ्यांचं सिरप हमखास काळं होतं.

६. रस बिघडला हे ओळखायचं कसं?

ताजा रस पाण्यासारखा नितळ असतो. काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरा. किंचित दुधट झाक दिसली तर तो उतरायला लागला आहे, आज रात्रीच आटवा. पिवळट झाला आणि आंबूस वास आला तर सिरप गडद आणि आंबट होणार. पळी वर काढल्यावर रसाला तार सुटत असेल तर तो ओतून द्या. त्याचं सिरपही चिकट तारांचंच होतं आणि कितीही गाळलं तरी सुधारत नाही.

टाकीच्या आतल्या कोपऱ्यावरून बोट फिरवा. बुळबुळीत थर लागला तर दोष रसाचा नाही, धुण्याचा आहे. त्यासाठी प्रश्न १५ पहा.

झाडांना कळ्या फुटू लागल्यावर रसाला येणारी उग्र चव हा वेगळा विषय आहे. तो रस ताजा आणि नितळ असूनही सिरप बिघडतं. तिथे टाकी काही करू शकत नाही, हंगाम थांबवायचा.

७. एक मोठी टाकी घ्यावी की दोन लहान?

दोन. प्रश्न ३ मधला शुक्रवार आठवा. टाकी एकच असेल तर त्या ४४० लिटरमध्ये बुधवारचा, गुरुवारचा आणि शुक्रवारचा रस एकत्र झालेला असतो. जुन्या रसातले जीव ताज्या रसाला लागतात आणि सगळा रस सर्वांत जुन्या रसाइतकाच टिकतो. दोन टाक्या असल्या की एकीत भरायचं, दुसरीतून आटवायचं, रिकामी झाली की धुवायची आणि मग अदलाबदल. आधी आलेला रस आधी कढईत जातो. शिवाय एखादी तोटी गळू लागली तर सगळा रस जात नाही.

खर्च थोडा वाढतो. तो मला पूर्णपणे योग्य वाटतो.

८. टाकी कशाची असावी? जुनी वापरलेली चालेल का?

सर्वांत चांगली स्टेनलेस स्टीलची. बंद झालेल्या डेअरी फार्मवरच्या जुन्या दुधाच्या टाक्या इकडे विकायला निघतात. त्यांना उतार असतो, तळाशी तोटी असते आणि शीतयंत्र चालू स्थितीत असेल तर सोन्याहून पिवळं.

लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यातल्या चौकोनी प्लास्टिकच्या टाक्या, ज्यांना इकडे टोट म्हणतात, सुमारे १००० लिटरच्या असतात आणि स्वस्त मिळतात. आधी त्यात काय भरलेलं होतं हे लेबलवर वाचल्याशिवाय एकही घेऊ नका. लेबल फाडलेलं असेल तर परत फिरा. खाद्यपदार्थाचीच असली तरी झाकण उघडून वास घ्या. व्हिनेगर किंवा लोणच्याचा वास प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो आणि तो सिरपमध्ये उतरतो.

कचऱ्याचे डबे आणि रंगाचे पिंप खाद्यपदार्थासाठी बनवलेले नसतात. डबा नवाकोरा असला तरी नको. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या पत्र्याच्या टाक्यांच्या सांध्यांत शिशाचं डाख असू शकतं. त्या शोभेला ठेवा, रसाला नाही.

९. टाकी ठेवायची कुठे?

घराच्या किंवा भट्टीच्या शेडच्या उत्तर बाजूला, सावलीत. शेडच्या आत ठेवलीत तर वाफेने रस तापतो. टाकीभोवती बर्फ फावड्याने लोटून ठेवा, तो फुकटचा फ्रिज आहे. पांढऱ्या प्लास्टिकची टाकी असेल तर तिच्यावर ताडपत्री किंवा जुनं ब्लँकेट टाका.

वजनाकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. हजार लिटर रस म्हणजे एक टन. फेब्रुवारीत जमीन दगडासारखी कडक असते, त्यावर लाकडी चौथरा करून टाकी चढवली जाते आणि सगळं पक्कं वाटतं. मार्चमध्ये वरची माती वितळून चिखल होतो, खालची अजून गोठलेली असते. चौथऱ्याचा एक पाय रुततो आणि भरलेली टाकी कलते. म्हणून खडीचा दाबून भरलेला थर किंवा काँक्रीटची लादी पानगळीच्या दिवसांतच करून घ्या.

टाकी कढईपेक्षा उंच असली तर रस आपोआप उतरतो, पंप लागत नाही. मोठी टाकी उंच चढवणं धोक्याचं वाटत असेल तर ती जमिनीवरच ठेवा आणि कढईच्या वर फक्त ५०-१०० लिटरची लहान टाकी बसवा.

१०. झाकण घट्ट लावायचं की उघडं ठेवायचं?

झाकायची, पण हवा आत-बाहेर जाऊ द्यायची. उघड्या टाकीत पावसाचं पाणी, साल आणि पतंग पडतात. पूर्ण बंद प्लास्टिकच्या टाकीतून पंपाने रस ओढला तर ती आत चेपते. झाकणाच्या छिद्राला बारीक जाळी लावली की दोन्ही प्रश्न सुटतात.

११. टाकीत बर्फ झाला. फेकू की ठेवू?

गोठताना आधी पाणी गोठतं आणि साखर खालच्या द्रवात राहते. म्हणून वरचा बर्फ काढून टाकला तर उरलेला रस जास्त गोड होतो आणि लाकूड वाचतं. अनिशिनाबे आणि इथले इतर मूळनिवासी लोक धातूची भांडी येण्याआधीपासून असं करत आले: पसरट भांड्यात रस रात्रभर गोठू द्यायचा, सकाळी बर्फ उचलून टाकायचा. साठवणुकीचं त्यांचं उत्तरही विचार करण्यासारखं आहे. ते रस साठवत बसत नसत, आटवून थेट साखर करत आणि ती बर्चच्या सालीच्या डब्यांत वर्षभर ठेवत.

बर्फातही थोडी साखर अडकतेच. म्हणून बादलीतला पातळ थर फेका, पण टाकीतला जाड बर्फ राहू द्या, तो उरलेला रस थंड ठेवतो. टाकीत बर्फ असताना गोडी मोजू नका, आकडा खोटा जास्त येतो. पूर्ण गोठलेली टाकी वितळताना पहिला रस खूप गोड आणि शेवटचा जवळजवळ पाणी असतो.

तळाच्या तोटीत रस अडकून गोठला तर तोटी फुटते. कडक थंडीची रात्र असेल तेव्हा रिकाम्या टाकीची तोटी अर्धी उघडी ठेवा.

१२. रसाची गोडी कमी असेल तर मोठी टाकी लागेल का?

टाकीला गोडी कळत नाही, तिला लिटर कळतात. पण तितक्याच सिरपसाठी जास्त रस साठवावा लागतो, म्हणून अप्रत्यक्षपणे हो. व्हरमाँट विद्यापीठातल्या सी. एच. जोन्स यांचा ८६ चा नियम इथे कामाला येतो: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, तितके लिटर रस म्हणजे एक लिटर सिरप. दोन टक्क्यांना ४३ लिटर, दीड टक्क्याला ५७, तीन टक्क्यांना २९. हजार लिटरच्या भरलेल्या टाकीतून दोन टक्क्यांना २३ लिटर सिरप निघतं, दीड टक्क्याला साडेसतरा.

शुगर मेपलची गोडी सहसा सर्वांत जास्त. रेड, सिल्व्हर आणि शहरांत सगळीकडे दिसणारं मॅनिटोबा मेपल यांची कमी. हंगाम सरत जातो तशी कुठल्याही झाडाची गोडी उतरते. मिश्र झाडं असतील आणि टाकी लहान असेल, तर मोठ्या वाहत्या दिवशी शुगर मेपलच्या बादल्या आधी रिकाम्या करा.

१३. आरओ मशीन घेतलं तर टाकी लहान चालेल ना?

आरओ मशीन म्हणजे रस पडद्यातून दाबून त्यातलं पाणी वेगळं करणारं यंत्र. कच्च्या रसाची टाकी थोडी लहान चालेल, पण टाक्या एकाच्या तीन होतील. दोन टक्क्यांचा ४००० लिटर रस आठ टक्क्यांवर नेला की १००० लिटर घट्ट रस आणि ३००० लिटर शुद्ध पाणी मिळतं. भट्टीचं काम चौथ्या हिश्श्यावर येतं. हा फायदा खरोखर मोठा आहे.

आता त्या घट्ट रसाकडे बघा. त्यात साखर चौपट, पंपातून फिरल्यामुळे तो कोमटही झालेला. असा रस कच्च्या रसापेक्षा लवकर बिघडतो. तो रात्रभर ठेवायचा नाही, काही तासांत कढईत गेला पाहिजे. म्हणून घट्ट रसाची टाकी मुद्दाम लहान घ्या, दोन-तीन तासांच्या आटवणीइतकी. म्हणजे भट्टी पेटल्याशिवाय मशीन सुरू करायचा मोह होणार नाही. तिसरी टाकी शुद्ध पाण्याची. मशीनचा पडदा धुवायला तेच पाणी लागतं, ते ओतून दिलंत तर धुण्याच्या वेळी पंचाईत होते.

१४. बादल्या काढून व्हॅक्यूम लावतो आहे. जुनी टाकी पुरेल का?

बहुतेक नाही. बादलीला रात्री विश्रांती असते. व्हॅक्यूमवर, रात्री पारा शून्याच्या वर राहिला तर, रस चोवीस तास येत राहतो. चांगल्या दिवशी टॅपमागे १०-१२ लिटर येतात, म्हणजे ५०० टॅपना पाच-सहा हजार लिटर. ८ लिटरचा नियम इथे किमान म्हणूनच धरा. टाकीला वरच्या पातळीची घंटा लावा. रात्री दोन वाजता भरून वाहणारी टाकी सकाळपर्यंत कोणालाच कळत नाही.

१५. टाकी धुवायची कशी आणि किती वेळा?

प्रत्येक वेळी रिकामी झाली की. गरम पाणी आणि मऊ ब्रश पुरतो, मुख्य म्हणजे कोपरे आणि तोटीचा आतला भाग. वासाचा साबण नको, तो वास सिरपमध्ये येतो. हंगामाच्या शेवटी बिनवासाचं ब्लीच पातळ करून वापरलंत तर वास पूर्ण जाईपर्यंत पाण्याने खळखळून घ्या. मग पूर्ण वाळवून, तोटी उघडी ठेवून, जाळी बांधून ठेवा. टाकी घेतानाच तळाला उतार आहे ना ते बघा. सपाट तळाच्या टाकीत बोटभर रस नेहमी उरतो आणि बिघाड तिथूनच सुरू होतो.

१६. टाकी भरली, बादल्या भरल्या, रस अजून येतोय. आता काय?

आधी भट्टी पेटवा. मग खाद्यपदार्थांचे बादलीसारखे डबे भरून सावलीत बर्फात खुपसून ठेवा. डीप फ्रीजर असेल तर त्यात भरा. जवळच्या मोठ्या शुगर हाऊसला, म्हणजे सिरप बनवणाऱ्या ठिकाणी, विचारा. लिटर आणि गोडी बघून रस विकत घेणारे बरेच जण असतात, आणि हा फोन हंगामाआधी करून ठेवलेला बरा.

यातलं काहीच जमलं नाही तर सर्वांत जुना रस ओता आणि ताजा ठेवा. लोक बहुधा उलट करतात, कारण जुन्या रसावर कष्ट झालेले असतात. बादली ओसंडून रस जमिनीवर गेला म्हणून झाडाला काही होत नाही.

१७. पुढच्या वर्षी टॅप दुप्पट करणार आहे. मोठी टाकी आत्ताच घेऊ का?

चौथरा आत्ताच मोठा करा, टाकी नको. अर्धी रिकामी मोठी टाकी उन्हात लवकर तापते आणि धुवायला जास्त पाणी घेते. या हंगामात रोज तीन गोष्टी वहीत लिहा: किती रस आला, किती आटला, रात्री टाकीत किती उरला. हंगाम संपल्यावर त्यातला सर्वांत वाईट आठवडा काढा, येणाऱ्या रसाचा आकडा दुप्पट करा, आणि प्रश्न ३ मधल्या सूत्रात घाला. उत्तर हातातल्या टाकीच्या दुपटीहून जास्त आलं तर आधी कढईचा विचार करा, मग दुसऱ्या टाकीचा.